अजिंठ्याचं चित्र नेमकं कोणाचं?

या मालिकेत आपण शब्दांविषयी पुष्कळ बोललो. अवतरण कसं द्यावं, दुसऱ्याचा विचार आपल्या नावावर कसा खपवू नये, हे सगळं झालं. चित्रांचा विषय मात्र राहूनच गेला होता. प्रबंधात, शोधनिबंधात किंवा पुस्तकात एखादं चित्र छापायचं असेल तर ते कुठून मिळवायचं, आणि ते छापायचा अधिकार आपल्याला आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, असा हा प्रश्न. तुमच्यापैकी अनेकांनी तो पत्रांतून विचारला आहे. आम्ही काही वकील नव्हे. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे कलमं पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा एक उदाहरण घ्यावं आणि त्याचा इतिहास खालपर्यंत खणत जावं, असं आम्ही ठरवलं आहे. उदाहरण आपल्या घरचंच आहे: अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. उजव्या हातात निळं कमळ, डोळे किंचित झुकलेले. तुम्हा सर्वांच्या परिचयाचा.

आता हा पद्मपाणी तुम्हाला तुमच्या निबंधात छापायचा आहे. कोणालाही विचारा, एकच उत्तर येतं: "अहो, दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र ते! वाकाटकांच्या काळातलं. त्याला कसला आलाय कॉपीराइट?" हे उत्तर बरोबर आहे, पण ते भिंतीपुरतं. भिंतीवरच्या त्या रंगांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. पण तुमच्या हातात भिंत नसते. तुमच्या हातात असतो एक कागद किंवा संगणकातली एक फाइल. भिंतीपासून त्या फाइलपर्यंत चित्र कोणाकोणाच्या हातांतून आलं, हाच तर आजचा विषय.

तेव्हा सुरुवात भिंतीपासून करू. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या मद्रास घोडदळातल्या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. बाहेरच्या जगाला लेण्यांचा पत्ता लागला तो तेव्हापासून. स्थानिक लोकांना ती ठाऊक नव्हती असं नाही, हे आम्ही दरवेळी सांगतो आणि पुढेही सांगत राहू. १८४३ साली जेम्स फर्ग्युसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा आग्रह धरला. त्यातून १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल यांची नेमणूक केली. गिल आणि पारो यांची गोष्ट महाराष्ट्राला ना. धों. महानोरांच्या कवितेमुळे माहीत आहे, त्यामुळे आम्ही तिच्यात शिरत नाही. आम्हाला रस आहे तो गिलच्या कॅनव्हासांमध्ये.

गिलने जवळपास वीस वर्षं काम केलं. मूळ चित्रांच्या जवळपास मापाची तैलचित्रं रंगवायची आणि लंडनला पाठवायची, असा त्यांचा क्रम. ती चित्रं सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि जवळजवळ सगळी जळाली. दुसरीकडे ठेवलेली, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच वाचली. आता यातली एक गंमत बघा. गंमत कसली, दैवयोग म्हणा. आगीच्या दहा वर्षं आधी, १८५६ मध्ये, मिसेस स्पीर यांचं प्राचीन भारतावरचं एक पुस्तक लंडनमध्ये निघालं होतं. त्यात गिलच्या काही कॅनव्हासांवरून जॉर्ज शार्फ यांनी काढलेल्या रेखाकृती लाकडी ठशांनी छापल्या होत्या. म्हणजे भिंतीवरून कॅनव्हास, कॅनव्हासवरून रेखाटन, रेखाटनावरून ठसा. कॅनव्हास जळून गेला आणि पुस्तकातला ठसा मागे उरला.

पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यांमध्ये अजिंठ्याला राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतलं ठळक नाव. या मंडळींनी पुन्हा सगळं रंगवलं, पुन्हा सगळं लंडनला गेलं, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला पुन्हा आग! बरीच चित्रं गेली. उरलेली आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. या कामावरून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. तुम्हाला पडद्यावर आत्ता जे दिसतं आहे ते त्यांतलंच पान आहे. हेच पान आम्ही का निवडलं, ते पुढे येईल.

तिसरी गोष्ट जपानची. आराई काम्पो हे चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याला आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या नकला टोकियोला नेल्या, आणि १९२३ च्या भूकंपात त्याही नष्ट झाल्या. तीनदा नकला आणि तीनदा नाश! आणि नकलांचा हा प्रवास चालू असताना मूळ भिंतही झिजत होती. नक्कल करणाऱ्यांनीच रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश फासलं, ते पुढे पिवळं पडलं. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांना ते वार्निश काढायचा खटाटोप करावा लागला. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, हे लक्षात असू द्या.

एवढं सगळं सांगण्याचं कारण असं. आज काही आकृत्या भिंतीवर धड दिसत नाहीत. ग्रिफिथ्सच्या पानावर त्या दिसतात. म्हणजे संशोधकाच्या दृष्टीने नक्कल हा पुरावा झाला. मग तो पुरावा कोणाच्या कपाटात आहे आणि तो छापायला कोण परवानगी देतं, हा नुसता कारकुनी प्रश्न राहत नाही.

पुढचा टप्पा फार महत्त्वाचा आहे. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याला आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून अवनींद्रनाथांचे शिष्य आले: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, आणि मूळचे म्हैसूरचे के. वेंकटप्पा. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले. या सर्वांच्या नकला १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने छापल्या. त्यानंतर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांवर आधारलेले चार भाग काढले, पहिला १९३० मध्ये, शेवटचा १९५५ मध्ये. आपल्या औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी तर स्वतः चित्रकार राजे. त्यांनीही चित्रकारांना बरोबर नेऊन नकला करवून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. १९५४ मध्ये युनेस्कोने आपल्या जागतिक कलेच्या ग्रंथमालेचा प्रारंभच अजिंठ्याने केला. आणि १९९१ पासून बिनॉय बहल यांनी अत्यंत कमी प्रकाशात छायाचित्रं काढली, त्यांतून आजच्या वाचकाला ते रंग पहिल्यांदा नीट दिसले.

आता एकच पद्मपाणी बघा किती जणांचा झाला! ग्रिफिथ्सचा, हेरिंगहॅमचा, याझदानींचा, बहलांचा. भिंतीवर एकच, आणि कपाटात चार.

इथे आमच्या जुन्या विषयाला थोडी वाट देतो, चालवून घ्या. नाट्यशास्त्रावर भाष्य करणाऱ्या श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय तुम्हाला ठाऊक असेल. चित्रातला घोडा पाहून आपण "हा घोडा" म्हणतो. हे ज्ञान खरं नाही, खोटं नाही, संशय नाही आणि नुसतं सादृश्यही नाही, असं शंकुक म्हणतो. ते या चारींहून वेगळ्याच जातीचं ज्ञान आहे. भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांनी शंकुकाला बरंच फटकारलं, ते सोडा. पण पुस्तकातल्या पानावर बोट ठेवून आपण "हा अजिंठ्याचा पद्मपाणी" म्हणतो, तेव्हा आपणही तेच करत असतो. बोलताना त्यात काही बिघडत नाही. कायदा मात्र तसं म्हणू देत नाही. तो विचारतो, हा घोडा कोणी काढला? कधी काढला? काढणारा कधी वारला?

काढणारा कधी वारला, या प्रश्नावर जरा थांबू, कारण आमच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त चकवा इथेच बसतो. भारतात १८४७ साली पुस्तकांच्या स्वामित्वाचा कायदा आला. चित्रांना आणि छायाचित्रांना पुरतं संरक्षण मिळालं ते १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा कायदा १९१४ मध्ये इकडे लागू झाल्यावर. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा, अमलात आला २१ जानेवारी १९५८ रोजी. त्यात मुदत होती कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं. ती ६० कशी झाली? रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ च्या अखेरीस त्यांचं सगळं साहित्य खुलं होणार होतं. तेवढ्यात अध्यादेश निघाला, १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि सर्वांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली. एका कवीमुळे साऱ्या देशाचं कॅलेंडर पुढे सरकलं. ते योग्य झालं का? आमच्या मते नाही. पण कायदा तो आहे. ही ६० वर्षं मोजायची ती कर्ता ज्या वर्षी वारला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून.

आता आकडेमोड करू. ग्रिफिथ्स १९१८ मध्ये वारले. त्यांच्या ग्रंथातली पानं इथे खुली, इंग्लंडमध्येही खुली. म्हणूनच पडद्यावर त्यांचं पान आहे. हेरिंगहॅम १९२९ मध्ये गेल्या, त्यांनी स्वतः केलेल्या नकलाही खुल्या. पण त्याच १९१५ च्या पुस्तकातली हालदारांची नक्कल घ्या. असितकुमार हालदार १९६४ मध्ये वारले. त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. वेंकटप्पा १९६५ मध्ये गेले, मुदत २०२५ अखेर. नंदलाल १९६६ मध्ये गेले, मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. एकच पुस्तक, एकच वर्ष, एकाच भिंतीच्या नकला, पण प्रत्येक पानाचा हिशेब वेगळा! नकलांचा हक्क चित्रकारांकडे राहिला की काम करवून घेणाऱ्यांकडे गेला, हा आणखी वेगळा प्रश्न. मालक कोणीही असो, मुदत मोजायची ती चित्रकाराच्या मृत्यूवरूनच.

औंधच्या पुस्तकाचंही तेच. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचा मजकूर २०१२ पासून खुला आहे. आतली चित्रं मात्र ज्या ज्या चित्रकाराने केली त्याच्या त्याच्या आयुष्यावर अवलंबून. मुखपृष्ठावरचं नाव बघून आतल्या चित्रांची मुदत ठरवू नका.

अजून एक गाठ आहे. कॉपीराइट देशाच्या सीमेवर थांबतो. १९१५ च्या त्या पुस्तकातलं नंदलालांचं पान अमेरिकेत केव्हाच खुलं झालं, कारण तिथे जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात. इंग्लंडमध्ये मृत्यूनंतर ७० वर्षं, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत ते बंद. भारतात २०२६ अखेर. तुम्ही एखाद्या अमेरिकन संकेतस्थळावरून ते उतरवून घेतलंत आणि तिथे 'सर्वांसाठी खुलं' असं लिहिलेलं असलं, तर ते वाक्य खरंच आहे. पण अमेरिकेपुरतं. तुमचं पुस्तक पुण्यात छापलं जाणार असेल तर हिशेब पुण्याचा लावायचा.

छायाचित्रांचे नियम तर तीनदा बदलले. १९११ च्या कायद्यात निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षं. पुढे १९५७ च्या कायद्यात प्रकाशनापासून ५०, मग ६०. आणि २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांचं वेगळं कलमच काढून टाकलं. आता छायाचित्रकारालाही चित्रकारासारखीच मृत्यूनंतर ६० वर्षं. याझदानींच्या १९३० च्या भागातली छायाचित्रं जुन्या हिशेबाने १९८० पर्यंतच खुली झाली होती, त्यांची काळजी नको. १९९१ नंतरच्या छायाचित्रांचा हक्क मात्र ज्याचा त्याच्याकडे शाबूत आहे. काळोखात तासन् तास उभं राहून कोणी रंग टिपले असतील तर त्यांना विचारायलाच हवं. इथे कायद्याने सांगायचीही गरज नव्हती.

मग एक जुना वाद पुढे येतो. तैलचित्र खुलं आहे, समजा ग्रिफिथ्सच्या शिष्याचा कॅनव्हास. त्याचं संग्रहालयाने अगदी समोरून, जसंच्या तसं छायाचित्र काढलं. त्या छायाचित्राला नवा कॉपीराइट मिळतो का? १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात सांगितलं, नाही. हुबेहूब नकलेत नवं असं काही नाही. इंग्लंडमध्ये संग्रहालयं पुष्कळ वर्षं उलट म्हणत राहिली. २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एका वेगळ्याच खटल्यात स्वनिर्मितीची कसोटी अशी कडक लावली की संग्रहालयांची बाजू आता लंगडी पडली आहे. आपल्याकडे डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात म्हटलं की नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी का होईना सर्जकता दिसली पाहिजे. तो खटला न्यायनिर्णयांच्या छापील आवृत्त्यांचा होता, चित्रांचा नव्हे. पण तत्त्व लावायचं म्हटलं तर दिशा स्पष्ट आहे, असं आमचं मत.

दिशा स्पष्ट असूनही माणूस अडतो कुठे? करारात. हे नीट ऐका. एका संस्थेची हकिगत सांगतो, नाव घेत नाही. आमचा एक विद्यार्थी रससिद्धान्ताच्या अंगाने अजिंठ्यावर लिहीत होता. त्याला १८७० च्या दशकातलं एक छायाचित्र हवं होतं. संस्थेने ते स्कॅन करून दिलं, पण त्याआधी एका छापील अर्जावर सही घेतली: एकदाच वापर, एकाच आवृत्तीत, पुढच्या आवृत्तीला पुन्हा शुल्क, आणि खाली 'सर्व हक्क संस्थेकडे'. छायाचित्रकार जाऊन शंभर वर्षं झालेली. कॉपीराइट कधीच संपलेला. पण सही केली म्हणजे करार झाला, आणि करार पाळावा लागतो. सात चित्रांचं शुल्क त्याच्या दोन महिन्यांच्या शिष्यवृत्तीएवढं झालं. प्रकाशक म्हणाले, परवानगीचं पत्र नसेल तर चित्र नाही. पुस्तक निघालं. त्यात 'आकृती ७ पाहावी' असं वाक्य तसंच राहून गेलं, आकृती मात्र नाही. आजही ग्रंथालयात ती प्रत आहे आणि वाचक आकृती ७ शोधत पानं उलटत असतील.

तेव्हा सही करण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला शिका. संस्था वस्तूची मालक आहे, हे खरं. स्कॅन करण्याचा खर्च मागणं रास्तच आहे. पण वस्तूची मालकी म्हणजे चित्राची मालकी नव्हे. पत्र लिहून विचारा: आपण जे शुल्क मागता ते स्कॅनचं आहे की कॉपीराइटचं? कॉपीराइटचं असेल तर तो कोणाचा आणि कधीपर्यंत? नम्रपणे विचारा. आमचा अनुभव असा की या प्रश्नानंतर निम्म्या वेळा शुल्क खाली येतं.

मोठ्या संग्रहालयांची हवा मात्र बदलली आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने २००७ च्या सुमारास अभ्यासग्रंथांसाठीचं शुल्क माफ केलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रं कसलीही अट न घालता खुली केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने त्याआधीच तसं केलं होतं. ब्रिटिश म्युझियम अजून बिगरव्यापारी वापराचीच अट घालतं. आता तीनशे प्रती काढणारा आपला मराठी प्रकाशक व्यापारी की बिगरव्यापारी? पुस्तकावर किंमत आहे, म्हणजे व्यापारी धरावं आणि लेखी विचारावं, हे बरं. आपल्याकडेही 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे पोर्टल आहे. त्यामागची 'जतन' ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाली. चित्र पाहायला ते उत्तम आहे, पण छपाईजोगी मोठी फाइल आणि वापराची स्पष्ट अट प्रत्येक वस्तूखाली असावी, ही आमची जुनी मागणी.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांबद्दल थोडक्यात सांगतो. नाव द्या ही पहिली अट. काहींत आणखी अटी असतात: तशाच परवान्याने पुढे द्या, व्यापारी वापर नको, बदल नको. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली हे लिहिलेलं असतं, ते वाचायचे कष्ट घ्या. आणि चढवणाऱ्याने 'माझं स्वतःचं' म्हटलं म्हणून ते त्याचं होत नाही. पद्मपाणीचं एखादं चित्र फारच सुरेख आणि प्रकाश समतोल असलेलं दिसलं, तर ते एखाद्या पुस्तकातून उचललेलं असू शकतं. चित्रावरून चित्र शोधायची सोय आता फोनमध्येही आहे, तिने मूळ तपासा.

स्वतः जाऊन छायाचित्र काढावं म्हणाल, तर पुरातत्त्व खात्याने जुलै २०१८ मध्ये देशभरच्या स्मारकांत छायाचित्रणाला मोकळीक दिली, पण अजिंठ्याची चित्रलेणी त्यातून वगळली. रंगांच्या काळजीने ते केलं असेल तर तक्रार नाही. रीतसर अर्ज करा, आणि फ्लॅशचं नाव काढू नका.

आता 'न्याय्य वापरा'कडे येतो. कलम ५२ सांगतं की खासगी अभ्यास आणि संशोधन, तसंच समीक्षा यांसाठी न्याय्य प्रमाणात वापर केला तर उल्लंघन होत नाही. वर्गात शिकवताना शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला आणखी सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाचा खटला आठवतो ना? २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही सूट चांगली रुंद वाचली, आणि प्रकाशकांनी २०१७ मध्ये दावा मागे घेतला. पण लक्षात घ्या, सूट वर्गाची आहे. हे व्याख्यान कोणीही कुठेही ऐकू शकतो, हा वर्ग नव्हे. आणि प्रबंधाचं काय? पूर्वी तो विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडायचा, खासगीच म्हणा ना! २००९ च्या नियमांपासून तो शोधगंगेवर जातो, साऱ्या जगाला दिसतो. तेव्हा 'खासगी अभ्यास' ही ढाल प्रबंधाला आता पुरत नाही. उरते ती समीक्षेची. म्हणजे ज्या चित्राबद्दल तुम्ही खरोखर काही म्हणता, ज्याच्यावाचून तुमचा मुद्दा कळणार नाही, तेवढं चित्र, त्याच परिच्छेदाजवळ, कर्त्याचं नाव देऊन. पान भरायला टाकलेलं चित्र या ढालीआड येत नाही.

एक तांत्रिक गोष्ट जाता जाता. छापायला दर इंचाला ३०० ठिपके लागतात. दहा सेंटिमीटर रुंदीच्या चित्राला साधारण १२०० ठिपक्यांची रुंदी हवी. फोनवर छान दिसणारं चित्र छापल्यावर धुरकट येतं, त्याचं कारण हेच.

शेवटी चित्राखालची ओळ. तिच्यावर आम्ही थोडा वेळ घेणार आहोत. पहिल्या लेण्यात दरबाराचं एक दृश्य आहे, त्यात टोपीवाले परदेशी दिसतात. फर्ग्युसन यांनी ते चालुक्य दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात आलेले इराणी वकील असल्याचं म्हटलं. पुढच्या ग्रंथांनी ते उचललं, चित्राखाली तशी ओळ आली, आणि तिथून ती पाठ्यपुस्तकांत शिरली. पुलकेशी सातव्या शतकातला. वॉल्टर स्पिंक यांच्या अभ्यासाने ही लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या काळात गेली. म्हणजे चित्र रंगलं तेव्हा पुलकेशीचा जन्मही झाला नव्हता. ते दृश्य महासुदर्शन जातकातलं आहे, असं आता अभ्यासक मानतात. तरी जुनं चित्र जुन्या ओळीसकट उचललं जातं आणि इराणी वकील परत परत दरबारात हजर होतात. जुन्या पारदर्शिकांच्या काळात तर काच उलटी बसवली की पद्मपाणीचं कमळ डाव्या हातात जायचं, आणि तशीच छपाई व्हायची.

म्हणून ओळ लिहाल ती अशी लिहा: पद्मपाणी, लेणे क्र. १, अजिंठा, पाचव्या शतकाचा उत्तरार्ध; अमुक चित्रकाराने अमुक साली केलेल्या नकलेचं अमुक ग्रंथातलं पान; प्रत अमुक ग्रंथालयात; डिजिटल फाइल अमुक ठिकाणची, अमुक अटीवर. लांब होते, होऊ द्या. वाचकाला कळलं पाहिजे की तो भिंत पाहत नाही, १८८० च्या आसपासच्या एका पारशी किंवा मराठी मुलाच्या हाताने काढलेली भिंत पाहतो आहे. त्या मुलाने ओठांची रेघ किंचित जाड काढली असेल, तर तुमचा सौंदर्यविचार त्या जाडीवर उभा राहू नये.

एका श्रोत्याने आधीच लिहून विचारलं आहे: मुखपृष्ठावर नंदलालांची नक्कल वापरू का, आत तर तिची चर्चा केलीच आहे. आत वापरा, समीक्षेच्या आधारावर. मुखपृष्ठ ही समीक्षा नव्हे, ती सजावट आणि विक्री. त्यासाठी हक्कदारांची लेखी परवानगी घ्या, किंवा १ जानेवारी २०२७ नंतर पुस्तक काढा. घाई असेल तर ग्रिफिथ्स घ्या. त्याचे दोन्ही भाग जपानच्या तोयो बुंको ग्रंथालयातल्या दुर्मिळ ग्रंथांच्या डिजिटल संग्रहात आहेत, पानं मोठी करून बघता येतात. तिथल्या वापराच्या अटी आधी वाचा, आणि चित्राखालच्या ओळीत त्यांचं नाव घाला.